चारशे बारा वाळे

समोर एक खोली आहे. वर पत्रा, तीन बाजूंना लाकडी फळ्या, आणि चौथ्या बाजूला भिंतच नाही म्हणावं एवढी मोठी खिडकी. खिडकीपलीकडे दलदल, दलदलीत माणसाच्या दीडपट उंचीचं लव्हाळं, आणि त्यावर सकाळचं फिकट आभाळ टेकलेलं. खोलीत एकच टेबल. टेबलावर दिवा, भिंग, वजनाचा छोटा काटा, मोजपट्टी, एक पक्कड, आणि तारेत ओवलेले अॅल्युमिनियमचे इवले इवले वाळे, आकड्यांच्या क्रमाने. डाव्या हाताच्या फळीवर सतरा खुंट्या. खुंट्यांना पांढऱ्या कापडी पिशव्या लटकताहेत. जरा निरखून बघा. वारा नाही, तरी त्या पिशव्या हलताहेत.

टेबलाशी दोन बायका आहेत. उजवीकडच्या सिस्टर. वय चौसष्ट, केस मागे घट्ट बांधलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हयात लहान मुलांच्या वॉर्डात गेली, त्यामुळे सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणे. त्यांचा सख्खा थोरला भाऊसुद्धा. "घरात बहीण म्हणून सिस्टर आणि बाहेर नर्स म्हणून सिस्टर, एका हाकेत दोन्ही कामं होतात," असं तो म्हणायचा. डावीकडच्या त्याची बायको, सिस्टरांच्या वहिनी. वय अडुसष्ट, नाकावर चष्मा, पुढ्यात वही. दर वर्षी पाखरं उत्तरेकडून खाली निघाली की सहा आठवडे या दोघी त्या खोलीत बसत. पाखरं जाळीत धरायची, पायात आकड्याचा वाळा घालायचा, वजन घ्यायचं, वहीत लिहायचं आणि सोडून द्यायचं. एकतीस वर्षं हेच.

त्यांचं काम बघणं म्हणजे मुरलेल्या जोडीचा प्रवेश बघणं. सिस्टर खुंटीवरची पिशवी घेत, आत हात घालत आणि पाखरू बाहेर येई ते पाठ तळहाताला टेकून, मान पहिल्या दोन बोटांच्या मधे, बाकीची बोटं सैल पिंजऱ्यासारखी. मग वाळा. पक्कड एकदा दाबायची, पाव फेरा वळवायची, पुन्हा दाबायची. वाळ्याची दोन टोकं एकमेकांना भिडली पाहिजेत, एकावर एक चढता कामा नयेत. चढली की वाळा आवळतो, आणि वटवट्यासारख्या चिमुकल्या पाखराचा पाय म्हणजे काडेपेटीतल्या काडीहून बारीक. हे सगळं सिस्टर न बघता करत. नजर पाखराच्या चोचीवर, श्वासावर. वाळ्याची फट पकडीत कुठे आहे ते त्यांची बोटं त्यांना सांगत.

वाळा बसला की त्या पाय दिव्याकडे वळवत आणि विचारत, "बंद?"

समोरच्या माणसाने भिंगातून जोड बघायचा आणि म्हणायचं, "बंद." तोवर पाखरू सुटायचं नाही. हा नियम सिस्टरांनी वॉर्डातून आणला होता. तिथे औषध देणारी एक आणि बाटली बघणारी दुसरी, असं असे. "माझा माझ्यावर विश्वास आहे," त्या म्हणत, "म्हणून तर दुसरी लागते."

पहिली दोन-तीन वर्षं वहिनी खुर्चीवरून अर्ध्या उठून भिंग लावत. मग बसल्या बसल्या बघू लागल्या. मग नुसती नजर टाकून. आणि मग कधीतरी, नक्की कधी ते त्यांनाही सांगता आलं नसतं, वहीतून मान वर न करता. "बंद?" "बंद." जुन्या नटांना समोरच्याचं वाक्य ऐकावं लागत नाही, श्वासावरून कळतं आपली पाळी आली, तसं ते झालं होतं. आणि सिस्टरांचा हात असा की एकतीस वर्षांत एक जोड चुकला नाही. मग बघायचं तरी काय?

या वेडाची सुरुवात वॉर्डातच झाली होती. एका सकाळी एक धोबी पक्षी काचेवर येऊन आपटला आणि मेला. पोरं रडायला लागली म्हणून सिस्टरांनी तो उचलला, तर पायात वाळा, वाळ्यावर आकडा आणि कुठल्याशा कचेरीचा पत्ता. त्यांनी पत्र टाकलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं की हे पाखरू चार हजार किलोमीटरवर एका गोठ्यामागे वाळा घालून सोडलं होतं, कळवल्याबद्दल आभार. सिस्टरांनी ते पत्र आख्ख्या वॉर्डाला वाचून दाखवलं. पोरांना काय कळलं असेल देव जाणे, पण त्यानंतर प्रत्येक पोराला आपल्या घोट्यावर चिकटपट्टी आणि तिच्यावर आकडा हवा असे. सिस्टर देत. घरी जाताना पोरगं विचारे, "मी हरवलो तर तुम्हाला कळेल ना?" त्या म्हणत, "पत्र येईल मला."

मग दोन वर्षं शिकल्या, परीक्षा दिली, परवाना काढला. वर्षाची सगळी रजा त्या सहा आठवड्यांत ओतू लागल्या. लग्नाचं कुणी काढलं तर म्हणत, "नवऱ्याला सहा आठवडे चिखलात कुठे बसवू?" पहिल्या वर्षी वहिनी जेवणाचा डबा पोचवायला म्हणून आल्या. सिस्टरांनी विचारलं, "वहिनी, अक्षर कसं आहे हो तुमचं?" डबा तिथेच राहिला आणि वहिनीही.

तिसरा माणूस लंबू. लव्हाळं कापणारा, ताडमाड उंच, सदैव गुडघ्यापर्यंत ओला. बारा जाळ्यांचे बांबू तोच रोवायचा, अर्ध्या अर्ध्या तासाने फेरी मारून पाखरं सोडवायचा आणि पिशव्या गळ्यात अडकवून यायचा. एकतीस वर्षांत त्याने जाळीत पाखरू मरू दिलं नव्हतं. तोंडाचा मात्र फाटका.

त्या वर्षी पाखरं बारा दिवस आधी आली.

आणि हडकुळी आली. वाळा घालण्याआधी सिस्टर पाखराच्या छातीवर हलकी फुंकर मारत. पिसं बाजूला झाली की कातडीखाली पिवळी चरबी दिसते. ती म्हणजे प्रवासाची शिदोरी. त्या वर्षी फुंकर मारली की खाली नुसतं लालसर कातडं, आणि मधलं हाड नांगराच्या फाळासारखं वर आलेलं.

"उपाशीच निघालीत," लंबू म्हणाला. "पाठवणाऱ्याने डबा दिला नाही वाटतं."

"किंवा कुणी हाकलून दिलंय," सिस्टर म्हणाल्या.

"कोण?"

"ते पाखरालाच विचार. मी नुसता वाळा घालते."

लव्हाळ्यातली किलबिल कमी झाली होती. पाखरं होती, जाळीत सापडत होती, पण आवाज करत नव्हती. सहा नंबरच्या जाळीच्या बांबूवर एक खाटीक पक्षी येऊन बसू लागला. राखी पाठ, काळी पट्टी डोळ्यांवर, टोकाशी वाकलेली चोच. छोटी पाखरं मारून काट्याला टोचून ठेवतो, सवडीने खायला. लंबूने ढेकळं मारली, शिव्या घातल्या. तो उडायचा आणि फेरी संपायच्या आत परत येऊन बसायचा.

आणि एका सकाळी किटलीची कडी धरून सिस्टर चहा ओतत होत्या तेव्हा वहिनींना करपल्यासारखा वास आला. कडीला गुंडाळलेलं फडकं सरकलं होतं आणि सिस्टरांची दोन बोटं तापलेल्या लोखंडावर होती.

"वन्सं! हात!"

सिस्टरांनी हाताकडे बघितलं. मग किटली खाली ठेवली, जरा सावकाशच. "अगबाई," त्या म्हणाल्या. "थंडीने बोटं झोपलीत."

थंडी अजून पडायची होती.

हंगामाचा चौदावा दिवस. सिस्टर लांबच्या जाळ्या बघायला गेल्या होत्या आणि खोलीत वहिनी एकट्याच होत्या. लंबू दारात आला. त्याच्या हातात काडेपेटी होती.

"घ्या. तुमचा दागिना परत आलाय."

"कसला दागिना?"

"बाभळीच्या काट्याला टोचलेला होता. खाटकाचं दुकान सापडलं मला. बेडूक, टोळ, उंदराचं पिल्लू, ओळीने मांडलंय हरामखोराने. आणि हे."

काडेपेटीत वटवट्याचा पाय होता. वाळलेला. वाळ्याच्या वरचा भाग मात्र वाटाण्याएवढा फुगून काळा पडलेला.

"पाय सुजलाय बघा," लंबू म्हणाला.

"खाटकाने ओढला असेल," वहिनी म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

लंबूने एक क्षण त्यांच्याकडे बघितलं. "असेल," म्हणाला आणि गेला.

वहिनींनी दिवा पुढे ओढला, भिंग लावलं. वाळ्याचं एक टोक दुसऱ्यावर नखभर चढलं होतं. त्यांनी आकडा वाचला, वही मागे उलटली. अकरा दिवसांपूर्वीची नोंद. वेळ सकाळी पावणेआठ, वजन, पंखाची लांबी, सगळं त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात. शेवटच्या रकान्यात बरोबरची खूण. ती खूण "बंद" म्हटल्यावर करायची असे.

अकरा दिवस ते पाखरू आवळलेल्या पायाने त्याच लव्हाळ्यात अडकून होतं. पुढे गेलं नाही, जाऊ शकलं नाही, आणि खाटकाच्या तावडीतून सुटण्याएवढा जोर राहिला नाही. वहिनींच्या हे लक्षात आलं. पण त्याच्या मागोमाग जे आलं ते जास्त वाईट होतं. वन्संना दाखवायचं, तर वन्सं विचारणार, वहिनी, तुम्ही बघितलं होतं ना?

बाहेर फळीवर सिस्टरांची पावलं वाजली. वहिनींनी काडेपेटी पदराआडून आपल्या डब्याच्या पिशवीत टाकली.

"काय म्हणत होता लंबू?"

"काही नाही. खाटकाला शिव्या देत होता."

"देऊ दे. तेवढाच व्यायाम."

त्या दिवसापासून वहिनी पुन्हा भिंगातून बघू लागल्या. वही जरा तिरकी धरायची, चष्म्यावरून नजर टाकायची, सिस्टरांना कळू नये अशी. पाच वाळे नीट. सहावा नीट. अकरावा चढलेला.

"बंद?" सिस्टरांनी विचारलं. त्यांची नजर नेहमीसारखी पाखराच्या चोचीवर होती.

वहिनींना तो जोड स्पष्ट दिसत होता. त्यांनी तोंड उघडलं. नाही म्हटलं तर एवढ्या एका शब्दाने ही खोली बंद होणार होती. परवाना जाणार, जाळ्या उतरणार, आणि वॉर्ड सुटल्यापासून ज्या एका गोष्टीवर वन्सं उभ्या होत्या ती जाणार. आणि आपण इतकी वर्षं काय करत होतो ते उघडं पडणार.

"बंद," वहिनी म्हणाल्या.

पाखरू खिडकीतून गेलं. आधी न बघता म्हणत होत्या, आता बघून म्हणाल्या. पुढच्या सहा दिवसांत असं आणखी पाच वेळा झालं. घरी त्यांना घास उतरेना. नवऱ्याने विचारलं, "तुमच्या पाखरांच्या पोलीस ठाण्यात कुणी मेलं की काय?" त्या ताटावरून उठून गेल्या.

त्याच दिवसांत एकदा सिस्टर बादलीत हात धूत असताना वहिनींनी ते बघितलं. उजव्या हाताच्या आतल्या बाजूला निळ्या बॉलपेनच्या तीन आडव्या रेघा होत्या. एक बोटांच्या मुळाशी, एक मनगटावर, एक मनगटाच्या चार बोटं वर. प्रत्येकीपाशी बारीक तारीख. रेघांच्या आसपास सुई टोचल्याचे लाल ठिपके.

"हे काय हो वन्सं?"

"पेन चालतंय का बघत होते."

"हातावर?"

"वहीवर बघितलं असतं तर तुम्ही माझी पाठ सोडली असती का?" सिस्टर हसल्या आणि बाही खाली ओढली. एकतीस वर्षांत त्यांनी त्या खोलीत बाही खाली केली नव्हती.

वहिनींना त्या रेघा ठाऊक होत्या. वॉर्डाच्या गोष्टी ऐकत त्यांचं आयुष्य गेलं होतं. पोराच्या पायाची सूज कुठवर आली हे कळावं म्हणून सिस्टर कडेने पेनाची रेघ ओढत आणि तारीख घालत. रेघ खाली उतरली तर पोरगं घरी. रेघ वर चढू लागली की सिस्टर त्या खाटेपाशी जास्त वेळ बसत.

विसाव्या दिवशी धुकं आलं. दोन दिवस दक्षिणेचा उलटा वारा होता, तो रात्रीत पडला, आणि उजाडताना खिडकीबाहेर काही म्हणजे काही नव्हतं. लव्हाळं नाही, बांबू नाही, आभाळ नाही. त्या पांढऱ्यात कुठेतरी वर हजारो पाखरं वाट चुकून फिरत होती. दिसत नव्हती. फक्त मधून मधून पत्र्यावर टक्, टक् असं काहीतरी आपटे.

लंबू धापा टाकत आला. गळ्यात पिशव्यांचा हार. "सिस्टर, आभाळ खाली पडलंय! जाळीत जागा नाही. झाडाला फळं लागावी तशी लागलीत!"

"सगळी आण. खुंटीला दोन दोन लाव. अर्ध्या तासाच्या वर एकही पिशवीत राहता कामा नये."

सतरा खुंट्या भरल्या, खुर्चीची पाठ भरली, खिडकीची कडी भरली. चाळीसेक पिशव्या, आणि खोलीभर ती कापडाच्या आतली सळसळ. असा दिवस दहा वर्षांत एकदा येतो. सिस्टरांनी तारेवरून वाळा काढला. तो बोटांतून निसटून टेबलावर पडला. त्यांनी तो दुसऱ्यांदा उचलला, डोळ्यांनी बघून. पक्कड दाबली, वळवली, दाबली. पाय दिव्याकडे केला.

"बंद?"

वहिनींनी वही बाजूला ठेवली. भिंग उचललं, उघडउघड, आणि खुर्चीवरून अर्ध्या उठून बघितलं.

"नाही."

सिस्टरांचा मोकळा हात पुढच्या पिशवीकडे निघालासुद्धा होता. तो हवेतच थांबला.

"काय नाही?"

"बंद नाही. टोकावर टोक चढलंय."

"दिवा जवळ घ्या. नीट बघा."

"बघितलंय वन्सं. आज नीट बघितलंय."

सिस्टरांनी पहिल्यांदा पाखरावरची नजर काढून वहिनींकडे बघितलं. "आज म्हणजे?"

मग सगळं बाहेर आलं. काडेपेटी टेबलावर आली. वहिनी म्हणाल्या, "सहा दिवस बघतेय आणि तरी बंद म्हणतेय. सहा पाखरं मी डोळ्यांदेखत सोडली. त्याच्या आधी मी शेवटचं कधी बघितलं होतं ते मला आठवत नाही हो. तुमचा हात आहे म्हटल्यावर..."



लंबू दारात आणखी पिशव्या घेऊन उभा होता. "या कुठे ठेवू?" पत्र्यावर पुन्हा टक् झालं.

सिस्टरांनी मोकळ्या हाताने काडेपेटी दिव्याखाली ओढून आतला पाय बघितला. हातातल्या वटवट्याची मान त्यांच्या बोटांमधे बरोबर जागी होती. सवय होती ती. "दोरा घ्या वहिनी," त्या शेवटी म्हणाल्या. "दोन तुकडे. वाळ्यातून ओवा आणि दोन बाजूंना ओढा. हळू. मी पाय धरते."

वहिनींच्या हातून दोरा दोनदा निसटला, तिसऱ्यांदा वाळा उघडला. पायावर नुसता एक वळ राहिला. सिस्टरांनी पाखरू परत पिशवीत ठेवलं.

"कधीपासून?" वहिनींनी विचारलं.

"उन्हाळ्यापासून. आधी तळहातात पाखराची धडधड कळेनाशी झाली. मला वाटलं, यंदा पाखरंच गप्प झालीत." सिस्टरांनी उजव्या हाताची बाही वर केली. तिसऱ्या रेघेच्या वर चौथी होती. "मग बधिरपणा कुठवर आलाय ते टोचून बघायला लागले. कसलं आहे ते मला माहीत आहे. खालून वर येणाऱ्या रेघेचं पुढे काय होतं तेही माहीत आहे. डॉक्टरकडे पाखरं संपल्यावर जाणार होते. म्हटलं, एवढा हंगाम."

"मला सांगायचं नाही?"

"तुम्ही रोज बंद म्हणत होतात. मला वाटलं, हात गेला तरी काम होतंय."

यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"पक्कड मी घेऊ का?" वहिनींनी विचारलं. "तुम्ही सांगा, मी दाबते."

"परवाना नाही तुम्हाला. आणि हातही नाही, बघितला मी आत्ता." त्या उठल्या. "लंबू, जाळ्या मिट."

"कुठल्या?"

"सगळ्या. बाराच्या बारा."

"सिस्टर, असा दिवस..."

"मिट म्हणते ना! वॉर्डात मी एकदाच सांगायचे."

लंबूने गळ्यातल्या पिशव्या उतरवून टेबलावर ठेवल्या आणि तो धुक्यात दिसेनासा झाला.

मग दोघींनी एकेक पिशवी खिडकीशी नेली, नाडी सैल केली आणि पालथी केली. एकही वाळा नाही, एकही नोंद नाही. पाखरं बाहेर पडत, क्षणभर चौकटीवर बसत आणि पांढऱ्यात नाहीशी होत. वहिनी सवयीने मोजत होत्या. एकोणपन्नास झाली आणि खोलीत सळसळ राहिली नाही.

"आता लिहा," सिस्टर म्हणाल्या.

"कशात? वहीत?"

"पत्र. मुख्य कचेरीला. आणि म्हणावं, दक्षिणेकडे वाळे घालणारी जितकी म्हणून ठाणी आहेत त्या सगळ्यांना आजच्या आज कळवा." त्या उभ्यानेच सांगू लागल्या, वॉर्डातल्या हजेरीसारख्या खणखणीत. या आकड्यापासून या आकड्यापर्यंत, एकंदर चारशे बारा वाळे. यांतलं कुठलंही पाखरू तुमच्या जाळ्यात आलं तर बाकी सगळं सोडून आधी जोड बघा. चढला असेल तर वाळा काढून टाका, नोंद गेली तरी चालेल. "आणि लिहा, दोष वाळ्याचा नाही. हाताचा आहे. परवाना सोबत परत करत आहे."

वहिनी लिहिता लिहिता थांबल्या. "दोष हाताचा आणि डोळ्यांचा. लिहू?"

"लिहा की. एकतीस वर्षं सगळ्या कागदांवर माझंच नाव. तुमचंही येऊ दे एकदा."

वहिनींना हसू आलं आणि त्याच श्वासात रडूही. चष्मा पुसून त्यांनी ते वाक्य लिहिलं, अक्षर टपोरंच. मग वही चाळली. पहिल्या पाच दिवसांतली पाखरं आता कुठवर गेली असतील ते त्यांनी विचारलं नाही, पण सिस्टरांनी सांगितलं.

"समुद्रावर असतील. तिथे उतरायला जागा नाही आणि जाळी लावायलाही. पलीकडे जितकी पोचतील तितकी."

"कितींचा चढला असेल?"

"ते पत्रं आली तर कळेल." त्या जरा थांबल्या. "नाही आली तरी कळेल."

लंबू मिटलेल्या जाळ्यांचे गुंडाळे खांद्यावर घेऊन आला, कोपऱ्यात ठेवून भिंतीला टेकून बसला.  बाहेर धुकं वर सरकू लागलं होतं. त्याच्या फाटीतून उंचावर बारीक ठिपक्यांची एक ओळ जाताना दिसली, मग दुसरी. सिस्टर मान वर करून त्या ओळींकडे बघत राहिल्या. आभाळ उघडलं तसा त्यांचा चेहरा उजेडात आला आणि वहिनींना वाटलं, सहा दिवसांत त्या कितीतरी बारीक झाल्या आहेत, आपल्याला दिसलं कसं नाही?

पत्र पुरं झालं. वहिनी म्हणाल्या, "सही मी करू का तुमच्या वतीने?"

सिस्टरांनी मान हलवली. नाही. नजर खिडकीबाहेरच ठेवून त्यांनी उजवा हात पुढे केला. वहिनींनी पेन त्यांच्या बोटांत दिलं आणि एकेक बोट त्याभोवती मिटवलं. कागद हाताखाली सरकवला. पेनाचं टोक कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं.

त्या टेबलाशी सिस्टर शेवटचं जे बोलल्या ते लंबूनेही ऐकलं. त्या म्हणाल्या, "वहिनी, पेन आलं का माझ्या हातात? बघून सांगा."